फोर्डच्या स्वयंपाकघरांतील एंजिन

अमेरिकेंतील डेट्रॉइट शहरीं, बॅग्ली अव्हेन्यूवरील ५८ क्रमांकाच्या भाड्याच्या घरांत, इ. स. १८९३ च्या २४ डिसेंबरला एक लहानसें यंत्र प्रथम धडधडलें. दुसऱ्या दिवशीं नाताळ. क्लॅरा फोर्ड सणाच्या तयारींत होती. तिचा मुलगा एड्सेल अद्याप दोन महिन्यांचाहि झाला नव्हता. अशा वेळीं तिचा पति हेन्री एका फळीवर बसविलेलें एंजिन घेऊन स्वयंपाकघरांत आला आणि भांडीं धुण्याच्या कुंडावर त्यानें तें पक्कें आवळलें.

हेन्री फोर्ड तेव्हां तीस वर्षांचा होता व एडिसन इल्युमिनेटिंग कंपनींत वाफेचीं एंजिनें सांभाळीत असे. वाफेच्या एंजिनाचा विस्तव बाहेर, बॉयलरखालीं असतो. नव्या एंजिनाची चूल त्याच्या पोटांतच असावयाची. ऑटो या जर्मन संशोधकानें १८७६ सालीं त्याचे चार टप्पे सिद्ध केले होते : हवा व इंधन आंत घ्यावयाचें, तें दाबावयाचें, ठिणगीनें पेटवून त्या धक्क्यानें दट्ट्या लोटावयाचा, आणि शेवटीं जळका वायु बाहेर टाकावयाचा. चारांपैकीं एकच टप्पा शक्ति देतो. उरलेले तीन गतिचक्राच्या वेगावर निभावून न्यावयाचे. नळ व दट्ट्या यांमध्यें केसभर फट राहिली तरी दाबलेला वायु निसटतो, आणि सिलिंडर जितकें लहान तितकें हें नुकसान अधिक भोंवतें.

फोर्डचें सिलिंडर म्हणजे गॅसच्या नळाचा एक तुकडा, आंतला व्यास अवघा एक इंच. गतिचक्र म्हणजे जुन्या लेथचें हातचाक. इंधन व हवा यांचें मिश्रण करणारें साधन त्याला जोडलेलेंच नव्हतें. तें काम क्लॅरानें केलें. आंत घेण्याच्या झडपेपाशीं ती हातानें थेंब थेंब पेट्रोल सोडीत राहिली. ठिणगीसाठीं घरांतील विजेच्या दिव्याचा प्रवाह घेतला. हेन्रीनें चाक फिरविलें. एंजिन खोकलें, मग पेटलें. धुराड्यांतून ज्वाळा निघाल्या व कुंड थरथरूं लागलें. थोडा वेळ चालवून त्यानें तें बंद केलें.

कित्येक चरित्रकार येथेंच मोटारीचा जन्म झाला असें सुचवितात. तें खरें नव्हे. जर्मनींत कार्ल बेंझला १८८६ सालींच आपल्या मोटारीचें पेटंट मिळालें होतें. खुद्द डेट्रॉइटमध्येंहि चार्ल्स किंग यानें ६ मार्च १८९६ रोजीं, फोर्डच्या आधीं, रस्त्यावर गाडी चालविली. त्या एंजिनानें पिठाची चक्कीहि फिरली नसती. परंतु दोन अवघड प्रश्न मुद्दाम बाजूला ठेवून, हा नळ दाब धरतो काय आणि चाक आपल्या बळावर फिरतें काय, एवढेंच त्याला विचारलें होतें. यांतच फोर्डची खरी चतुराई दिसते.

बाजूला ठेवलेले प्रश्न पुढें मात्र चुकले नाहींत. स्वयंपाकघरांत बायकोच्या हातानें व घरच्या दिव्यानें जें कांहीं क्षण भागविलें, तें रस्त्यावर यंत्रानेंच अखंड करावयास हवें होतें. त्यांत अडीच वर्षें गेलीं. घरामागच्या विटांच्या शेडमध्यें दोन सिलिंडरांचें, सुमारें चार अश्वशक्तीचें एंजिन आणि सायकलसारख्या चार चाकांची गाडी तयार झाली. ४ जून १८९६ च्या पहांटे ती बाहेर काढावयाची, तों दार अरुंद ! एवढ्या मोजमापांच्या माणसाला दाराचें माप घेणें सुचलें नव्हतें. अखेर कुऱ्हाडीनें विटा फोडून वाट केली.

स्वयंपाकघरांतील तें मूळ एंजिन आज डिअरबॉर्न येथील संग्रहालयांत जपून ठेवलेलें आहे. त्या पहांटे मात्र सर्वांचें लक्ष नव्या गाडीकडे होतें. जेम्स बिशप हा सहकारी सायकलवरून पुढें निघाला, मागून फोर्डची गाडी. कांहीं अंतर गेल्यावर वॉशिंग्टन बुलेव्हार्डवर ती थांबली. ठिणगी पाडणाऱ्या योजनेंतील एक स्प्रिंग निकामी झाली होती. भोंवतीं जमलेल्या लोकांदेखत ती दुरुस्त करून दोघे घरीं परतले.