क्षयाची लस आणि मूत्राशयाचा कर्करोग

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे जाणाऱ्या सागरी रस्त्यावर आरे-वारे हीं गांवें लागतात. तेथील काय किंवा मुंबईतील काय, बालपणीं क्षयाची लस टोचलेल्या बहुतेकांच्या दंडावर एक लहानसा वण आढळतो. हा वण बी. सी. जी. लशीचा होय. बालकांचें क्षयापासून रक्षण करण्यासाठीं निघालेली हीच लस पुढें मूत्राशयाच्या कर्करोगावर औषध ठरली. तो इतिहास सर्वांनीं जाणून घेण्यासारखा आहे.

१९०८ सालीं फ्रान्समधील लील शहरांत काल्मेत व गेरँ हे दोघे शास्त्रज्ञ गाईच्या क्षयाचे जंतू बटाटा, ग्लिसरीन व बैलाचें पित्त यांवर वाढवूं लागले. सुमारें दर तीन आठवड्यांनीं जुन्या जंतूंपासून नवी पेरणी करावयाची, असा क्रम त्यांनीं तेरा वर्षें चालविला. पहिल्या महायुद्धांत शहर जर्मनांच्या हातीं गेलें. तरी काम थांबलें नाहीं. २३० पेरण्यांनंतर जंतू जिवंत राहिले, पण त्यांचा मारकपणा गेला. १९२१ सालीं पॅरिस येथें ही लस प्रथम एका अर्भकास देण्यांत आली. १९३० सालीं जर्मनीतील ल्यूबेक येथें लस दिलेलीं सत्तरांहून अधिक बालकें दगावलीं, तेव्हां जगभर हाहाकार उडाला. चौकशीअंतीं लशींत मारक जंतूंची भेसळ झाल्याचें निष्पन्न झालें, व मूळ लस निर्दोष ठरली. भारतांत १९४८ सालीं या लशीचा आरंभ झाला, आणि १९५१ पासून तिची देशव्यापी मोहीम सुरू झाली.

आतां कर्करोगाकडे वळूं. १९२९ सालीं अमेरिकेंतील बाल्टिमोर येथें रेमंड पर्ल यांना शवविच्छेदनाच्या नोंदी तपासतांना असें दिसलें कीं, क्षय झालेल्यांत कर्करोग कमी आढळतो. एवढ्यावरून कांहीं सिद्ध होत नव्हतें; पण विचाराला दिशा मिळाली. १९५९ सालीं लॉइड ओल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें कीं, बी. सी. जी. दिलेले उंदीर कर्काच्या गांठींना अधिक प्रतिकार करतात. अखेर १९७६ सालीं कॅनडांतील डॉक्टर आल्व्हारो मोरालेस यांनीं नऊ रुग्णांच्या मूत्राशयांत ही लस सोडून आलेले आशादायक अनुभव प्रसिद्ध केले. आठवड्यास एक याप्रमाणें सहा मात्रा, हा त्यांचा क्रम आजही पाळला जातो. पुढील चाचण्यांत गुण सिद्ध झाल्यावर १९९० सालीं अमेरिकेच्या औषध-नियामकांनीं या उपचारास मान्यता दिली. महाराष्ट्रापुरतें बोलावयाचें तर, १९६६ सालीं स्थापन झालेली पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट हें औषध तयार करते.

या उपचाराचें मर्म असें. लस स्वतः कर्करोगाला मारीत नाहीं. मूत्राशयाच्या अस्तराला चिकटलेले जंतू शरीरांतील रक्षक पेशींना जागें करतात. त्या धांवून येतात आणि रोगट पेशींचाही फडशा पाडतात. घरांत शिरलेल्या चोराला पाहून शेजारी जमा व्हावे, आणि त्या गडबडींत दुसरा लपलेला चोरही सांपडावा, तसाच हा प्रकार आहे.

परंतु हा उपाय सर्वांना लागू नाहीं. रोग मूत्राशयाच्या स्नायूंत शिरलेला नसेल, तरच तो चालतो. आधीं दुर्बिणीनें गांठ काढतात. जखम भरल्यावर नळीनें औषध आंत सोडून सुमारें दोन तास धरून ठेवावयास सांगतात. जळजळ, वारंवार लघवी व थोडा ताप येतो. प्रतिकारशक्ति फार क्षीण असलेल्यांना तें देत नाहींत. गुण न आल्यास पुष्कळदां मूत्राशयच काढावें लागतें.

यासाठीं रोग वेळेवर ओळखणें हेंच खरें काम आहे. लघवींतून रक्त जाणें, मग तें एकदांच कां जाईना आणि दुखत कां नसेना, हें त्याचें प्रमुख लक्षण होय. तंबाखूचा धूर हें त्याचें सर्वांत मोठें कारण; विडी ओढणाऱ्यांनीं विशेष सावध असावें. खेड्यांतील माणूस लाजेनें किंवा खर्चाच्या भीतीनें हें लक्षण लपवितो, आणि उपचार सुरू झाल्यावरही दूरच्या शहराच्या सहा खेपा जिवावर येऊन तो मध्येंच सोडतो. दोन्ही चुका महागांत पडतात. ज्या लशीसाठीं दोन शास्त्रज्ञ तेरा वर्षें थांबले, तिच्यासाठीं रुग्णानें सहा आठवडे धीर धरणें हें फार मोठें मागणें नव्हे.