अँड्रॉइडचं कूळ

कुर्डुवाडीला शंभर वर्षांहून जास्त काळ माल एका गाडीतून उतरून दुसऱ्या गाडीत चढत होता. मुंबई-सोलापूर लाइन ब्रॉडगेज, साडेपाच फुटांची. एव्हरार्ड कॅलथ्रॉपच्या कंपनीनं 1897 मध्ये इथून बार्शीला नेलेली बार्शी लाइट रेल्वे नॅरोगेज, अडीच फुटांची. एकीची वाघीण दुसरीच्या रुळांवर चढणं शक्यच नव्हतं, म्हणून पोतं न् पोतं हमालांच्या पाठीवरून पलीकडे जायचं. ही लाइन 1911 मध्ये लातूरला आणि 1927 मध्ये मिरजेला पोचली, आणि या शतकाच्या सुरुवातीला टप्प्याटप्प्यानं ब्रॉडगेज झाली.

इथली जी मुलं आज ॲप लिहायला शिकतायत, त्यांना अँड्रॉइड कशासाठी आलं हे सांगताना मला हेच उदाहरण पहिलं आठवतं. 2007 पर्यंत मोबाइलमध्येही असेच वेगवेगळे गेज होते. नोकियाचं सिंबियन, मायक्रोसॉफ्टचं विंडोज मोबाइल, ब्लॅकबेरीची आणि पामची आपापली सिस्टीम. एकासाठी लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्यावर चालत नसे. जावा चालवणारे साधे फोन पुष्कळ होते, पण त्यांचेही पडदे आणि बटणं कंपनीगणिक निराळी, त्यामुळे एकाच गेमच्या कितीतरी आवृत्त्या काढाव्या लागत.

अँड्रॉइड नावाची कंपनी ऑक्टोबर 2003 मध्ये कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोला सुरू झाली. अँडी रुबिन, रिच मायनर, निक सिअर्स आणि ख्रिस व्हाइट हे तिचे संस्थापक. त्यांना सिस्टीम करायची होती डिजिटल कॅमेऱ्यांसाठी! तो बाजार पुरेसा मोठा नाही हे लक्षात आल्यावर ते फोनकडे वळले. 2005 मध्ये गूगलनं कंपनी विकत घेतली आणि 5 नोव्हेंबर 2007 रोजी 34 कंपन्यांच्या गटासह अँड्रॉइडची घोषणा केली. पाया म्हणून लिनस टोरवाल्ड्सनं 1991 मध्ये सुरू केलेला लिनक्स कर्नेल घेतला होता. वरचा बराचसा कोड अशा परवान्यानं खुला केला की कोणत्याही कंपनीनं तो फुकट घ्यावा, बदलावा, आपल्या फोनमध्ये घालावा. माझ्या मते अँड्रॉइड गावोगावी पोचलं त्यामागे हा परवाना सर्वांत मोठं कारण आहे.

पहिला फोन, एचटीसीचा जी-वन, 2008 च्या ऑक्टोबरात विक्रीला आला. त्याची रॅम होती 192 एमबी. हा आकडा शिकणाऱ्यानं लक्षात ठेवावा, कारण अँड्रॉइडच्या पुष्कळ सवयी या टंचाईतून आल्या आहेत. मेमरी भरली की कॉम्प्युटर थोडा भार डिस्कवर उतरवून ठेवतो. फोनमध्ये ती सोय नव्हती. मग नियम ठरला: जागा कमी पडली की मागे पडलेलं ॲप सिस्टीम न विचारता बंद करेल, आणि माणूस परत आला की ते पुन्हा उभं करायची जबाबदारी ॲप लिहिणाऱ्याची. ऑनक्रिएट, ऑनपॉज, ऑनस्टॉप ही जी साखळी पहिल्याच धड्यात भेटते, ती यासाठीच आहे.

याचा पहिला फटका सगळ्यांना एकाच ठिकाणी बसतो. बटण दाबलं की आकडा एकनं वाढेल असं छोटं ॲप करा. सात वेळा दाबा, पडद्यावर 7 दिसेल. आता फोन आडवा करा. आकडा पुन्हा शून्य! कोडमध्ये चूक शोधत मुलं तास घालवतात. झालेलं असं असतं की पडद्याची दिशा बदलली म्हणून सिस्टीमनं ती ॲक्टिव्हिटी (म्हणजे ॲपचा समोर दिसणारा एक पडदा) मोडून नवी बांधली, म्हणजे आडव्या पडद्यासाठी वेगळी मांडणी असेल तर ती उचलता यावी. जी-वनला सरकवून उघडायचा कीबोर्ड होता आणि तो उघडला की पडदा आडवा व्हायचा, त्यामुळे हा प्रसंग त्या फोनवर रोजचाच होता. मोडण्याआधी आकडा ऑनसेव्हइन्स्टन्सस्टेटमध्ये जपून ठेवायचा, किंवा आजच्या पद्धतीनं व्ह्यूमॉडेलमध्ये. फोन आडवा झाला तरी व्ह्यूमॉडेल टिकतं. सिस्टीमनं ॲपच बंद केलं तर मात्र त्यातलंही जातं, तिथे पहिलाच उपाय लागतो.

लिनक्सकडून आलेली एक गोष्ट मला फार आवडते. लिनक्स मुळात एका मशीनवर अनेक माणसांनी काम करावं अशा बेतानं बांधलेला आहे. प्रत्येकाचा क्रमांक वेगळा, एकाच्या फायली दुसऱ्याला उघडत नाहीत. अँड्रॉइडनं त्या माणसांच्या जागी ॲप बसवली. बसवलेल्या प्रत्येक ॲपला 10000 च्या पुढचा एक क्रमांक मिळतो आणि त्याचा डेटा त्याच्यापुरता राहतो. कॅमेरा हवा, लोकेशन हवं, तर परवानगी मागावी लागते ती यामुळे.

भाषेचं थोडक्यात. सुरुवातीला सगळं जावात लिहायचं आणि ते डॅन बॉर्नस्टाइनच्या डाल्विक या व्हर्च्युअल मशीनवर चालायचं. 2014 च्या पाचव्या आवृत्तीपासून त्याची जागा एआरटीनं घेतली. 2019 पासून गूगल कोटलिनला अग्रक्रम देतं. आज नव्यानं शिकणाऱ्यानं सरळ कोटलिनच धरावी.

त्याच पाचव्या आवृत्तीत सिस्टीमच्या भाषांच्या यादीत मराठी आली. सुरुवातीच्या अँड्रॉइड फोनांवर देवनागरीच्या जागी नुसते चौकोन दिसायचे, हे आज फोन हातात घेणाऱ्या पोरांना खरं वाटत नाही. आता तुमच्या प्रोजेक्टमध्ये व्हॅल्यूज या फोल्डरशेजारी व्हॅल्यूज-एमआर नावाचं फोल्डर करा आणि त्यातल्या स्ट्रिंग्जच्या फाइलीत तेच शब्द मराठीत लिहा. फोन मराठीत असेल तर सिस्टीम आपणहून ते उचलते, एखादा शब्द तिथे नसेल तर मूळ फाइलीतला घेते. बटणावरचा मजकूर थेट कोडमध्ये लिहिलात तर मात्र ही सोय मिळत नाही, म्हणून पहिल्याच ॲपपासून सगळा मजकूर या फाइलींत ठेवा.