उन्हाळ्यात परसातील कोंबड्यांची काळजी

हाटपिपल्या आणि आसपासच्या गावांत आपल्या समाजातील बरीच कुटुंबे परसात पाच-दहा कोंबड्या पाळतात. माळव्याच्या रात्री कितीही थंड असल्या तरी मे महिन्यात दुपारी पारा ४० अंशांच्या वर जातो. २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात आला की नवतपा सुरू होतो, आणि एरवी धडधाकट असलेली कोंबडी याच दिवसांत एका दुपारीत दगावू शकते. त्यासाठी सभासदांना घरी ठेवता येईल अशी ही माहिती.

कोंबडीला ऊन जास्त का लागते

कोंबडीच्या शरीराचे तापमान मुळातच ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असते. तिला घामाच्या ग्रंथी नसतात, वर पिसांचे पांघरूण. अंगातील उष्णता ती तुरा, चोचीखालच्या लाल पाळ्या आणि पाय यांतून बाहेर टाकते. ते पुरेनासे झाले की चोच उघडून धापा टाकते. साधारण ३० अंशांनंतर धाप सुरू होते आणि ३५ च्या पुढे त्रास स्पष्ट दिसतो. धापेमुळे शरीरातील पाणी जाते. रक्तातील कार्बन डायऑक्साइडही कमी होतो आणि त्यामुळे अंड्याचे कवच पातळ होते. उन्हाळ्यात अंडी कमी, लहान आणि ठिसूळ येतात त्यामागे हे एक मोठे कारण आहे.

कडकनाथचे काय?

झाबुआ, अलीराजपूर आणि धार हा कडकनाथचा मूळ मुलूख. झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ही काटक जात इथल्या हवेत रुळलेली आहे, पण काळी पिसे ऊन अधिक शोषतात, म्हणून तिलाही सावली हवीच. जड अंगाच्या ब्रॉयलर कोंबड्यांना सर्वांत आधी त्रास होतो. मान उघडी असलेल्या देशी कोंबड्या उष्णता चांगली सोसतात.

खुराडे

• खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम असावी, म्हणजे सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन लांब बाजूंवर पडत नाही.
• पत्रा असेल तर वरून चुना मारावा किंवा गवत, तुराट्या यांचा जाड थर टाकावा. कौले पत्र्यापेक्षा बरी.
• समोरासमोरच्या दोन बाजूंना जाळी हवी. रात्री एका मोठ्या कोंबडीला २ ते ३ चौरस फूट जागा मिळावी.
• खालची भुशाची गादी उन्हाळ्यात पातळ, दोन इंचांपर्यंतच ठेवावी. जाड गादी ऊब धरते.
• वाऱ्याच्या बाजूला ओले गोणपाट टांगावे. मेमधील कोरड्या हवेत याचा चांगला उपयोग होतो. पावसाळ्याच्या तोंडावर हवा दमट झाली की पाणी मारणे थांबवावे. तेव्हा वारा खेळता ठेवणे किंवा पंखा लावणे हाच उपाय. पंख्याची वायर पाण्यापासून दूर ठेवावी.

पाणी

उन्हाळ्यात कोंबडी नेहमीच्या दुप्पट आणि कडक उन्हात त्याहूनही जास्त पाणी पिते. पाणी कोमट झाले की ती पिणे कमी करते. म्हणून मातीचे परळ वापरावेत, ते सावलीत ठेवावेत आणि दुपारी दोन-तीन वेळा पाणी बदलावे. एकाऐवजी तीन-चार ठिकाणी पाणी ठेवले तर दुबळी कोंबडीही पिऊ शकते. इलेक्ट्रोलाइटची पुडी द्यायची तर पशुवैद्याच्या सल्ल्याने, आणि शेजारी साधे पाणी ठेवूनच. घरचे मीठ अंदाजाने घालू नये, जास्त मीठ कोंबड्यांना बाधते.

खाणे

खाल्लेले पचताना अंगात उष्णता तयार होते आणि ती काही तासांनी वाढते. सकाळी दहाला भरपेट खाल्लेल्या कोंबडीला ऐन दुपारी दोन्हीकडून ताप होतो. म्हणून दाणे पहाटे आणि सूर्य कलल्यावर द्यावेत. साधारण दहा ते चार या वेळात देऊ नयेत. काकडी, कलिंगडाच्या साली दुपारी चालतात. उरलेले संध्याकाळपर्यंत उचलावे. अंड्यावरच्या कोंबड्यांना शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा.

पिल्ले आणि अंडी

पहिल्या आठवड्यात पिल्लांना ३२ ते ३५ अंशांची ऊब लागते. मेच्या दुपारी ती हवेतूनच मिळते, तेव्हा बल्ब बंद ठेवावा. पहाटे गारवा आला तर लावावा. पिल्ले बल्बपासून दूर पळून पंख पसरत असतील तर ऊब जास्त झाली, गोळा होऊन चिवचिवत असतील तर कमी पडली असे समजावे. अंडी दिवसातून दोन-तीनदा गोळा करून थंड जागी ठेवावीत.

ऊन लागल्यास

पंख अंगापासून दूर, मान लांब, डोळे अर्धवट मिटलेले, चालताना झोक जाणे ही धोक्याची लक्षणे. अशी कोंबडी लगेच सावलीत न्यावी. पाय, तुरा आणि पंखांखालचा भाग साध्या गार पाण्याने भिजवावा. बर्फाचे पाणी वापरू नये. शुद्धीवर असेल तर चोच पाण्यात बुडवून स्वतः पिऊ द्यावे. बळजबरीने घशात पाणी ओतले तर ते श्वासनलिकेत जाते.

सकाळच्या गारव्यातही धाप दिसत असेल, मान वाकडी होत असेल, विष्ठा हिरवट असेल किंवा पाय-पंख लुळे पडत असतील तर ते ऊन नसून रानीखेत असण्याची शक्यता आहे. आजारी कोंबडी वेगळी करून सरकारी पशुचिकित्सालयात कळवावे. मेलेली कोंबडी उकिरड्यावर न टाकता खोल पुरावी. रानीखेतची लस उन्हाळ्यापूर्वी द्यावी. राहिली असेल तर निरोगी कोंबड्यांनाच, पहाटेच्या गारव्यात, आणि लस बर्फात ठेवून आणावी.

रोजचा क्रम

पहाटे दाणे आणि ताजे पाणी. दहाला उरलेले दाणे उचलणे. बाराला गोणपाट भिजवणे. एक ते चार दर तासाला एक नजर आणि पाणी बदलणे. सूर्य कलल्यावर दाणे. रात्री जाळी उघडी, पण मांजर-मुंगूस शिरणार नाही अशी पक्की. घरातील मुलांकडे दुपारच्या पाण्याचे काम सोपवले तर वेळ सहसा चुकत नाही.