हौशी रेडिओ : परवाना आणि विश्वास

हुपरी हे चांदीचं गाव. पैंजणाच्या घुंगराला डाग देणारा हात इथं घरोघरी सापडतो. हौशी रेडिओचा छंदही डागाचाच. कथलाचा एक डाग कच्चा राहिला, की सगळा संच मुका!

पण संच जुळवणं हे अर्धंच काम. उरलेलं अर्धं परवान्याचं. १८८५चा तार कायदा आणि १९३३चा बिनतारी कायदा, या दोहोंनी लहरींवर सरकारचा ताबा पक्का केला. आमच्या लहानपणी नुसता रेडिओ ऐकायलाही पोस्टातून परवाना काढावा लागे. मग बोलणाऱ्याला सरकार मोकळं कसं सोडणार?

१९३९मध्ये महायुद्ध सुरू झालं आणि हौशी मंडळींचे परवाने रद्द झाले, प्रक्षेपक जमा करावे लागले. मुंबईचे नरिमन प्रिंटर हे अशाच हौशींपैकी. १९४२च्या ऑगस्टात उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्तपणे काँग्रेस रेडिओ चालवला, त्याचा प्रक्षेपक प्रिंटर यांनीच जुळवलेला. १२ नोव्हेंबरला पोलिसांची धाड पडली, तीही त्यांनीच दिलेल्या माहितीवरून. उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली. हात तोच, कसबही तेच. विश्वास मात्र टिकला नाही.

युद्धानंतर परवाने पुन्हा मिळू लागले. संशय उरलाच. आमच्या पिढीतल्या हौशींना विद्युतशास्त्र, नियम आणि मोर्स यांची परीक्षा द्यावी लागे. दुसऱ्या श्रेणीला मिनिटाला पाच शब्द, पहिलीला बारा. मग चौकशीला पोलीस घरी येत आणि गल्ली विचारी, पोरानं केलं तरी काय? धंद्याचा निरोप नाही, गाणं नाही, गुप्त भाषा नाही. प्रत्येक संपर्काची वहीत नोंद. आम्ही तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे आम्हांला यात एक शिस्त दिसते. जे बोलायचं ते कोणीही ऐकेल असं समजून बोलायचं, आणि बोलण्याआधी ऐकायचं.

आता अंदमान पाहा. तिथं बरीच वर्षं हौशी रेडिओला मनाई होती. २००४च्या डिसेंबरात भारती प्रसाद परवानगी घेऊन पोर्ट ब्लेअरला गेल्या. २६ तारखेला त्सुनामी आली, दूरध्वनी बंद पडले, तेव्हा त्यांच्या संचावरून कोण जिवंत आहे याचे निरोप मुख्य भूमीवर पोचले.

ती परवानगी महिनाभर रखडली असती तर? परवाना म्हणजे सरकारनं नागरिकावर टाकलेला विश्वास. संकट आल्यावर तो टाकायला वेळ नसतो. आधीच टाकून ठेवावा लागतो.