ऑटोमॅटिक गाडीत गिअरचा दिवा लागला? खर्चाआधी हे तपासा

गावाकडे आता क्लच पेडल नसलेल्या गाड्या बऱ्याच दिसतात. त्यातल्या स्वस्त गाड्या बहुतेक एएमटी. म्हणजे आतला क्लच आणि गिअरबॉक्स नेहमीचाच, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम कॉम्प्युटर करून घेतो. त्यामुळे डॅशबोर्डवर गिअरचा दिवा लागला म्हणजे गिअरबॉक्स गेलाच, असं धरू नका.

बॅटरी : व्होल्टेज कमी पडलं तरी हा दिवा लागू शकतो. मीटरवर गाडी बंद असताना साधारण १२.५ आणि चालू असताना १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. टर्मिनल सैल आहे का, तेही बघा.

ब्रेक स्विच : ब्रेक दाबल्याचं कॉम्प्युटरला कळलं नाही, तर उभी गाडी गिअर घेत नाही. मागचे लाल दिवे लागतात का, कुणाला तरी बघायला सांगा.

क्लच : चढावर ब्रेक न लावता नुसत्या ॲक्सिलरेटरवर गाडी धरली की क्लच तापतो. बाजूला घेऊन थंड होऊ द्या.

तरीही दिवा राहिला तर स्कॅनर लावा. ‘पी०७००’ हा कोड फक्त गिअरच्या बाजूला बिघाड आहे एवढंच सांगतो. नेमका बिघाड गिअरच्या कॉम्प्युटरमधल्या दुसऱ्या कोडमध्ये असतो. तो वाचायला लावा आणि कोड पुसायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा.

जळका वास आला किंवा गाडी एकाच गिअरात अडकली, तर पुढे रेटू नका. दोरीने ओढूही नका, उचलून नेणारी गाडी बोलवा.