गोल भिंतीतला किब्ला

अमेरिकेत केंब्रिज येथील एम.आय.टी. या विद्यापीठाच्या आवारात १९५५ साली सर्व धर्मांसाठी प्रार्थनागृह उभे राहिले. वास्तुकार एरो सारिनेन. विटांची गोल इमारत, भोवती उथळ पाणी, छतातून संगमरवरी वेदीवर पडणारा उजेड. कायमचे धर्मचिन्ह कोणतेच नाही.

त्याच वर्षी विल हर्बर्ग यांचे ‘प्रोटेस्टंट, कॅथलिक, ज्यू’ हे पुस्तक आले. तेव्हाच्या अमेरिकेत ‘सर्व धर्म’ म्हणजे बहुधा हेच. १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर आशियातून मुसलमान, हिंदू, बौद्ध मोठ्या संख्येने आले, तेव्हा त्या ‘सर्व’चा अर्थ वाढला.

गोल भिंतीला दिशा नसते. नमाजी आपला किब्ला शोधून घेतो. वेदी मात्र एका जागी आहे. बसणाऱ्यांची तोंडे आपोआप तिच्याकडे वळतात. आपल्या महाविद्यालयांत अशी खोली मागताना आधी विचारावे, या ‘सर्वां’त कोण कोण मोजले आहे?