भिंतीऐवजी पोफळ

फ्रान्समध्ये व्हर्सायला चौदाव्या लुईसाठी ज्याँ-बाप्तिस्त द ला कँतिनी याने १६७८ ते १६८३ या काळात राजाची बाग उभी केली. तिथे नासपतीची झाडं उंच दगडी भिंतींना चिकटवून, फांद्या आडव्या बांधून वाढवली जात. दिवसभर तापलेली भिंत रात्री ऊब परत देते आणि थंड मुलखात फळ पिकायला ती लागते.

रत्नागिरीला असली ऊब कुणी मागितलीच नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून जास्त पाऊस झोडपतो, तिथे मातीची किंवा जांभ्याची भिंत कोरडी राखणं हेच मोठं काम. मृगाआधी वाऱ्याच्या अंगाला चुडतांचे झाप बांधायचे. अशा भिंतीवर वेल चढवून ओल कोण ओढवून घेईल? भाजीच्या वेलांना परसात मांडव मिळाला. मांडवाखाली लोंबणाऱ्या पडवळाच्या टोकाला सुंभाने बांधलेला एवढासा दगड असे, पडवळ वाकडं होऊ नये म्हणून.

खरी कसबाची जागा मात्र आगर. गुहागरसारख्या किनारी गावात रस्त्याला घर आणि घरामागे माड-पोफळींचं लांबट आगर. विहिरीवरच्या रहाटाने पाणी वर यायचं आणि पाटाने आळ्याआळ्यांत फिरायचं. त्याच ओलाव्यावर पोफळीच्या बुंध्याशी मिरवेल रुजायची. वेगळं पाणी नको, वेगळी जागा नको, आधारही आयता.

मिरवेल आपण होऊन चढते, तरी तिला लहानपणी वळण लावावंच लागतं. दक्षिण-पश्चिमेचं कडक ऊन टाळून ती बुंध्याच्या उत्तरेच्या अंगाला लावतात. पेरापेराला मुळं फुटून सालीला धरेपर्यंत तिला सैल बांधत राहायचं. आवळून बांधली की कोवळं पेर चिरडतं. बुंध्यापासून निघून जमिनीवर सरपटणारे धुमारे फळत नाहीत. वर चढलेल्या वेलीला ज्या आडव्या फांद्या फुटतात, घोस त्यांनाच. फार उंच जाऊ दिली तर तोडणी हाताबाहेर जाते, म्हणून तिची उंचीही राखायची.

आगरातल्या या जुन्या शहाणपणाला पुढे संशोधनाची जोड मिळाली. रत्नागिरीजवळ भाट्ये इथे १९५५ साली नारळ संशोधन केंद्र सुरू झालं, १९७२ साली दापोलीला कृषी विद्यापीठ झालं. माडांमध्ये साडेसात मीटर अंतर राखून मधल्या जागेत जायफळ, दालचिनी आणि बुंध्यांवर मिरी, अशी ‘लाखी बाग’ शेतकऱ्यांपुढे आली. केरळातला पन्नियूर हा संकरित वाणही इथल्या माडा-पोफळींवर चढला. एकाच आळ्यातून दोन पिकं घेण्याची ही युक्ती मुळात आगरातली, हे श्रेय आगरवाल्यांना मोकळेपणाने द्यायला हवं.

पावसात मोहरलेली वेल माघ-फाल्गुनाकडे तोडणीला येते. घोसातला एखादा मणी लालसर झाला की पोफळीला शिडी लागते, घोस खुडून टोपलीत पडतात आणि उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवलेले हिरवे मणी अंगणातल्या उन्हात काळे पडू लागतात.